अमेरिकेत एवढे खून का होतात? गाजलेल्या केसेस जरा बाजूला ठेवून बघू

उत्तर लांब होणार आहे, आधीच सांगते. तुम्ही विचारलंय की वर्षभर अमेरिकन ट्रू क्राइम पॉडकास्ट ऐकून असं वाटायला लागलंय की हा समाजच मुळात खुनशी आहे, तर हे पहिल्यापासून असंच आहे का, याला बंदुका जबाबदार की संस्कृती, आणि सिरीयल किलर सगळे तिथेच कसे निघतात. मी अमेरिकेत कॉलेजात कायद्याचा इतिहास शिकवते आणि माझं स्वतःचं काम जुन्या खटल्यांच्या कागदांवर आहे, म्हणजे कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) केलेल्या चौकश्या, ज्युरीचे (खटल्याचा निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या गटाचे) निकाल, पोलिसांच्या नोंदवह्या. दर सेमिस्टरला विद्यार्थी जवळजवळ हेच तीन प्रश्न घेऊन येतात, त्यामुळे उत्तर तयार आहे असं नाही, पण कुठून सुरुवात करायची ते माहीत आहे.

मुळात तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे इतिहास एकमेकांत मिसळलेत. एक आहे गाजलेल्या खुनांचा, जो पेपरांनी, गाण्यांनी आणि आता पॉडकास्टने लिहिला. दुसरा आहे रोजच्या खुनांचा, जो नोंदवह्यांत पडून आहे आणि फारसं कोणी उघडत नाही. पहिला वाचून दुसऱ्याबद्दल मत बनवलं की हमखास चुकीचं बनतं. आणि दुसरा वाचत गेलात की एक गोष्ट परत परत दिसते, ती म्हणजे माणसाला कायदा आपल्या बाजूने उभा राहील असं वाटतंय की नाही. जिथे आणि जेव्हा तसं वाटलं नाही तिथे माणसं आपला न्याय आपण करायला निघाली. मी सगळ्यात जास्त वजन या गोष्टीला देते, बंदुकीला त्याच्यानंतर. सगळे इतिहासकार याच क्रमाने मांडतील असं नाही, पण कागद वाचून माझं मत हे झालंय.

आता, कुठल्या अमेरिकेबद्दल विचारताय यावर पुष्कळ अवलंबून आहे. अठराव्या शतकातलं मॅसॅच्युसेट्स आणि यादवी युद्धानंतरचं टेक्सास हे खुनाच्या बाबतीत दोन वेगळे देश आहेत. अमेरिकन क्रांतीच्या आधी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागात, वसाहतवाल्यांच्या आपापसातल्या खुनांचं प्रमाण इतकं कमी होतं की त्या काळच्या युरोपातही त्याहून शांत जागा फार नसतील. १८४० नंतर युरोपात आकडे खाली जात होते आणि अमेरिकेत वर, फाटा फुटला तो तिथे. म्हणजे 'पहिल्यापासून असंच आहे' हे खरं नाही. दुसरी अडचण आकड्यांची, कारण एफबीआय देशभरचे आकडे १९३० पासून गोळा करते आणि मृत्यूंची नोंद सगळ्या राज्यांत सुरू व्हायला १९३३ उजाडलं. त्याआधीचं जे काही आहे ते कॉरोनरचे कागद आणि जुने पेपर एकेक करून वाचून काढलेले अंदाज आहेत.

जे पक्के आकडे आहेत ते असे. १९८० मध्ये दर लाखामागे १०.२ खून होते, ही विसाव्या शतकातली सगळ्यात वाईट वर्षांपैकी एक. १९९१ मध्येही ९.८ होते. मग उतरत उतरत २०१४ ला साडेचारच्या आसपास आले, २०२० मध्ये एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी उसळले, आणि २०२४ पर्यंत परत पाचच्या आसपास खाली आले. भारतात एनसीआरबीचा, म्हणजे सरकारी गुन्हे नोंद विभागाचा, आकडा लाखामागे दोनच्या आसपास असतो. म्हणजे आजही अमेरिका आपल्या दुपटीच्या वर आहे, तुमची शंका चुकीची नाहीये. पण न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२४५ खून झाले आणि २०१७ मध्ये २९२. शहर तेच, बंदुकांवरचा घटनेतला हक्क तोच, लोकसंख्या उलट वाढलेली. 'संस्कृतीत मुरलंय' म्हणणाऱ्याला मी नेहमी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवते, कारण संस्कृती काही सत्तावीस वर्षांत सात-आठ पटींनी बदलत नाही.

बरं, आता त्या विश्वासाच्या मुद्द्याकडे येते. कोणाला मारलं तर खून आणि कोणाला मारलं तर नाही, हे इथे सुरुवातीच्या काळातच कायद्याने ठरवून टाकलं होतं. व्हर्जिनियाच्या विधानसभेने १६६९ मध्ये एक कायदा केला, की गुलामाने विरोध केला आणि मालकाच्या मारहाणीत तो मेला तर तो गुन्हा धरायचा नाही. आणि कारण काय दिलं, तर कुठलाही माणूस स्वतःची मालमत्ता मुद्दाम नष्ट करेल असं मानता येत नाही, म्हणून यात खुनाचा हेतू असूच शकत नाही! हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा काही क्षण कोणी बोलत नाही. यातून मारणारा सुटला हे तर आहेच, पण ज्यांची माणसं मेली त्यांना कायमचं कळून चुकलं की हा कायदा आपला नाही.

दुसरा धागा आहे स्वसंरक्षणाचा. जुना इंग्लिश कायदा म्हणायचा की कोणी अंगावर आलं तर आधी मागे हटा, पाठ भिंतीला टेकेपर्यंत हटा, मगच जीव घ्यायची वेळ येऊ दे. अमेरिकन कोर्टांनी एकोणिसाव्या शतकात हे हळूहळू सोडून दिलं. ओहायोच्या वरच्या कोर्टाने १८७६ मध्ये आणि इंडियानाच्या १८७७ मध्ये सांगितलं की निर्दोष माणसाने पळायची गरज नाही, आणि इंडियानाच्या जजने तर अमेरिकन मनाचा कलच मागे हटण्याच्या विरुद्ध आहे असं निकालात लिहून ठेवलं. फ्लोरिडाने २००५ मध्ये जो 'स्टँड युअर ग्राउंड' म्हणजे 'मागे हटू नका' कायदा केला तो लोकांना नवीन वाटतो पण त्याची मुळं इथे आहेत. दारूच्या गुत्त्यातल्या भांडणात दोघांनीही मागे हटायचं नसेल आणि दोघांच्या खिशात स्वस्तातलं पिस्तूल असेल तर पुढे काय होणार ते सांगायला नको, आणि यादवी युद्धानंतर स्वस्त पिस्तुलं खरोखर कोणाच्याही खिशात होती.

तिसरा धागा म्हणजे ज्युरी. १८५९ च्या फेब्रुवारीत काँग्रेसचा सदस्य डॅनियल सिकल्स याने व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकाजवळ, रविवारी भर दिवसा, आपल्या बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. मेलेला माणूस फिलिप बार्टन की, म्हणजे वॉशिंग्टनचा सरकारी वकील आणि राष्ट्रगीत लिहिणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट कीचा मुलगा. बचाव पक्षाने सांगितलं की त्या वेळी आरोपीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण खरं भावलं ते वेगळंच, की असा नवरा गोळी घालणारच. ज्युरीने सोडलं, लोकांनी जल्लोष केला. मुंबईकरांना इथे नानावटी केस आठवेल, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याची, बरोबर शंभर वर्षांनंतरची, तिथेही ज्युरी ८-१ ने आरोपीच्या बाजूने गेली होती. फरक एवढाच पण फार मोठा, की आपल्याकडे सेशन्स जजने ते प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली, अमेरिकेत ज्युरीने एकदा 'निर्दोष' म्हटलं की संपलं, त्याच गुन्ह्यासाठी परत खटला नाही. घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतलं हे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं असं माझंही मत आहे, पण ज्युरीत कोण बसणार यावर मग सगळंच येऊन ठेपतं.

ते कुठपर्यंत जातं याचं उदाहरण एमेट टिल. शिकागोचा १४ वर्षांचा काळा मुलगा, १९५५ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेला, एका दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला या आरोपावरून रात्री घरातून उचलून नेला आणि मारून नदीत फेकला. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने साधारण तासाभरात दोन्ही आरोपींना सोडलं. चारेक महिन्यांनी, १९५६ च्या जानेवारीत, त्याच दोघांनी एका मोठ्या मासिकाकडून पैसे घेऊन आपण कसं मारलं ते सांगितलं, आणि ते छापून आलं. परत खटला चालणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्या मुलाच्या आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली होती, माझ्या पोराचं काय केलं ते जगाला बघू दे म्हणून. हजारो लोकांनी रांगा लावून पाहिलं आणि नागरी हक्क चळवळीतली कितीतरी माणसं पुढे सांगायची की आम्ही तो चेहरा पाहिला तिथून सुरू झालो.

लिंचिंगबद्दल, म्हणजे जमावाने कायदा हातात घेऊन माणसाला मारण्याबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण पॉडकास्टवाले याला 'खून' या सदरात घेतच नाहीत आणि माझ्या दृष्टीने अमेरिकन खुनाच्या इतिहासाचा गाभा हाच आहे. अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेने १८८२ ते १९६८ या काळातल्या ४,७४३ लिंचिंगची नोंद केली, त्यातले ३,४४६ बळी काळे. १९१६ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या वेकोत जेसी वॉशिंग्टन या १७ वर्षांच्या मुलाला कोर्टातून ओढून काढून टाउन हॉलसमोर जिवंत जाळलं, बघायला दहा हजारांच्या वर लोक, फोटोग्राफर हजर, त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली गेली. फोटोत चेहरे स्पष्ट दिसतात, टोप्या घातलेले, काही कॅमेऱ्याकडे बघणारे. एकावरही खटला झाला नाही. अशा मृत्यूंच्या चौकशीच्या कागदावर शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं, की मृत्यू अज्ञात व्यक्तींच्या हातून झाला. गावातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या माणसांबद्दल, त्यांच्याच शेजाऱ्यांनी शपथेवर लिहिलेलं वाक्य. असा कागद हातात आला की मी आधी खालच्या सह्या वाचते.

आता इथे बंदूक आणि विश्वास एकत्र कसे येतात ते बघा. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये तीन काळ्या दुकानदारांना जेलमधून काढून गोळ्या घातल्या, त्यांचा खरा गुन्हा हा की त्यांचं किराणा दुकान समोरच्या गोऱ्या माणसाच्या दुकानाचं गिऱ्हाईक खेचत होतं. त्यातला थॉमस मॉस हा काळी पत्रकार आयडा बी. वेल्स हिचा जवळचा मित्र. ती तोपर्यंत लिंचिंग म्हणजे संतापाच्या भरातला न्याय असं मानत होती, या घटनेनंतर तिने एकेका प्रकरणाची चौकशी करून लिहायला सुरुवात केली, तिच्या पेपरचं ऑफिस जमावाने फोडलं, ती मेम्फिसला परत राहू शकली नाही. आणि त्याच वर्षी तिने लिहिलं की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असली पाहिजे, कायदा जे संरक्षण देत नाही त्यासाठी. हा विचार वाचल्यावर 'अमेरिकन लोक बंदुका का सोडत नाहीत' हा प्रश्न इतका सरळ राहत नाही. पोलीस आपल्यासाठी येणार नाहीत असं मानणारी माणसं या देशात सगळ्याच रंगांची आहेत, कारणं वेगळी, काहींची खरी आणि काहींची भीतीतून आलेली.

तरीही बंदुकीला मी सोडून देत नाहीये. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दहापैकी आठ खून बंदुकीने झाले. देशात लोकांच्या हातात माणसांपेक्षा जास्त बंदुका आहेत, चाळीस कोटींच्या आसपास असा अंदाज. इथे भांडणं आणि मारामाऱ्या इतर श्रीमंत देशांच्या मानाने फार जास्त होतात असं नाही, पण त्या मारामारीत माणूस मरण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि ती गोळीमुळे. पण बंदुकीने झालेले सगळे खून वजा केले तरी उरलेलं प्रमाण, म्हणजे चाकू, काठी, हात, हे सुद्धा इंग्लंडच्या एकूण प्रमाणापेक्षा जास्त भरतं. म्हणून फक्त बंदूक हे उत्तर अर्धं आहे आणि बंदुकीचा काही संबंध नाही हे उत्तर साफ खोटं आहे.

आता गाजलेल्या खुनांबद्दल. याची सुरुवात तशी धर्मगुरूंपासून होते, सतराव्या शतकात फाशीच्या दिवशी प्रवचन व्हायचं आणि ते छापून विकलं जायचं, त्यात खुनी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच पापी, आज तो घसरला उद्या आपण. १८३० च्या दशकात एका पेनीचे पेपर आले आणि सूर बदलला. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेलन ज्युएट या तरुण वेश्येचा कुऱ्हाडीने खून झाला आणि बिछान्याला आग लावली. 'हेरल्ड'चा संपादक बेनेट स्वतः त्या खोलीत जाऊन आला आणि तिचं प्रेत संगमरवरी पुतळ्यासारखं कसं दिसत होतं याचं वर्णन छापलं, खप वाढला. आरोपी रॉबिन्सन हा १९ वर्षांचा कारकून, चांगल्या घरचा. साक्षीदार बहुतेक त्याच घरातल्या बायका, आणि जजने ज्युरीला सांगितलं की अशा बायकांच्या साक्षीला दुसरा पुरावा नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. सुटला. तेव्हापासून साचा ठरला, सुंदर मेलेली बाई, कोडं, आणि वाचक म्हणजे डिटेक्टिव्ह. आज तुम्ही ऐकताय ते पॉडकास्ट याच साच्यातले आहेत.

रोजचा खून त्या साच्यात बसतच नाही. एक उदाहरण देते. १८९५ च्या नाताळच्या रात्री सेंट लुईसमधल्या एका गुत्त्यात ली शेल्टन नावाचा गाडीवान आणि बिली लायन्स नावाचा नदीच्या धक्क्यावर काम करणारा माणूस, दोघे ओळखीचे, पीत बसले होते, मूड चांगला होता. विषय राजकारणावर गेला, वाद झाला, लायन्सने शेल्टनच्या डोक्यावरची हॅट हिसकावली. शेल्टनने परत मागितली, त्याने दिली नाही, शेल्टनने पोटात गोळी घातली, आपली हॅट उचलली आणि शांतपणे चालत बाहेर गेला. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात २५ वर्षांची शिक्षा झाली, शेवटी १९१२ मध्ये तो तुरुंगातच क्षयाने गेला. याच्यावर जे गाणं झालं ते पुढे शंभराहून जास्त गायकांनी गायलं, 'स्टॅगर ली' या नावाने तो कोणालाही न घाबरणारा दंतकथेतला गुंड झाला. पण कागदावर काय आहे, तर दारू, ओळखीचा माणूस, चारचौघांत झालेला अपमान, खिशात पिस्तूल. मी वाचलेल्या नोंदींपैकी भरपूर याच जातीच्या आहेत. बाकी बऱ्याचशा घरातल्या, नवरा-बायको, सोडून जाणारी बायको. कोडं कशातच नाही, कोणी मारलं ते पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं.

कधीकधी पेपर साधा खून घेऊन त्याची वेगळीच गोष्ट करतात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीजचा खून झाला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं की अडतीस माणसं बघत राहिली आणि कोणी पोलिसांना फोन केला नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ते धडा म्हणून आलं, तुम्हीही शिकला असाल. ते तसं नव्हतं, हल्ला पूर्ण पाहिलेली माणसं फार थोडी होती, एक शेजारीण जिन्यावर जाऊन मरेपर्यंत तिला धरून बसली होती, आणि २०१६ मध्ये त्याच पेपरने आपली बातमी सदोष होती हे मान्य केलं.

सिरीयल किलरचं थोडक्यात सांगते. एकूण खुनांत त्यांचा वाटा एक टक्क्याच्याही आत. ते अमेरिकेतच होतात असं नाही, पण इथे शोध, नोंद आणि प्रसिद्धी तिन्ही भरपूर, एफबीआयने क्वांटिकोत १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा खास विभाग काढला, १९७९ मध्ये टेड बंडीचा खटला टीव्हीवर दाखवला गेला. माझा या सगळ्यावर राग एवढ्याचसाठी आहे की त्यांच्या नावांनी कपाटं भरतात आणि बळी पडलेल्यांची नावं कोणाला आठवत नाहीत.

मला आज जास्त काळजी वाटते ती वेगळ्या आकड्याची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दहापैकी नऊ खुनांत आरोपी सापडायचा. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं होतं. खून झालेल्यांत निम्म्याहून जास्त माणसं काळी आहेत, लोकसंख्येत त्यांचा वाटा तेरा-चौदा टक्के, आणि न सुटलेल्या केसेसही त्यांच्याच वस्त्यांत जास्त. खून थोड्याच गल्ल्यांत एकवटलेले असतात, त्या गल्लीतल्या मुलाचा भाऊ मारला जातो, कोणी मारलं ते सगळ्या गल्लीला माहीत असतं, केस उभी राहत नाही, साक्ष द्यायला गेलं तर संरक्षण नाही, मग तो मुलगा काय करेल? मी वर जे मेम्फिसबद्दल लिहिलं त्याच्यात आणि याच्यात मला सलग रेषा दिसते. म्हणून पोलीस वाढवा किंवा पोलीस कमी करा या भांडणापेक्षा मला झालेला प्रत्येक खून नीट तपासा, साक्षीदाराला सांभाळा, हे महत्त्वाचं वाटतं.

तुम्हाला खरंच यात शिरायचं असेल तर शिकागो पोलिसांची १८७० ते १९३० ची हाताने लिहिलेली खुनांची नोंदवही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने ऑनलाइन आणलीय, अकरा हजारांवर नोंदी, फुकट बघता येतात. त्यात बेकायदा गर्भपातात मेलेल्या बायका आणि मोटारीखाली सापडलेली माणसंही आहेत, ती वेगळी काढा नाहीतर आकडे फसवतील. शिकागोचा गुंड अल कपोन याच्या काळापासून सुरुवात करू नका, १९२९ च्या व्हॅलेंटाइन डेला टोळीयुद्धात मारलेली सात माणसं तुम्हाला पॉडकास्टमधून आधीच माहीत असतील आणि त्या केसमध्येही शेवटी कोणाला शिक्षा झाली नाही. १८८० च्या आसपासचं एखादं साधं वर्ष घ्या, सगळ्या नोंदी सलग वाचा, आणि प्रत्येकीत तीनच गोष्टी टिपा, मारणारा आणि मेलेला एकमेकांना ओळखत होते का, हत्यार काय होतं, आणि शेवटी शिक्षा झाली का. तिसऱ्या रकान्यात अडलात तर इथेच खाली लिहा, त्यातले बरेचसे शेरे त्या काळच्या कोर्टाच्या पद्धती माहीत असल्याशिवाय लागत नाहीत, मी सांगेन.